रनवे दिसला? मग आता काम वाढलं

व्हिज्युअल अप्रोचची, म्हणजे रनवे डोळ्यांनी बघून उतरण्याची, परवानगी मिळाली की कॉकपिटमध्ये दोघेही जरा सैलावतात. आकाश स्वच्छ आहे, धावपट्टी समोर आहे, लांबचा वळसा वाचला, इंधन वाचलं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कंट्रोलर 'क्लिअर्ड व्हिज्युअल' म्हणाला की त्याने बराचसा भार तुमच्या गळ्यात घातलेला असतो. डोंगर चुकवायचा तुम्ही, उतार किती ठेवायचा ते ठरवायचं तुम्ही. पुढचं विमान 'दिसतंय' असं सांगून त्याच्यामागे निघालात, तर त्याच्यापासूनचं अंतर आणि त्याच्यामागची खवळलेली हवाही तुमच्याच वाट्याला. आयएलएसचे (रनवेची रेषा आणि उतार दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचे) दोन दर्शक जे काम मुकाट्याने करत होते, ते आता दोन माणसांनी करायचं असतं. आणि नेमकी त्याच वेळी ती दोन्ही माणसं काचेबाहेर बघत बसतात. भान सुटतं ते इथे.

मी चिखलीला राहतो, दाबोळी विमानतळाच्या कुशीत. एअरलाइनमधून निवृत्त झालो, आता मुलांची सिम्युलेटरची तयारी करून घेतो. कुणी पेडण्याचं असतं, कुणी फोंड्याचं, कुणी सावंतवाडीहून येतं. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय. तुमच्या कंपनीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका, माझं नको.

बाहेर बघण्याआधी आकडे

व्हिज्युअल अप्रोचची तयारी रनवे दिसल्यावर सुरू करायची नसते. ती वरून उतरायला लागण्यापूर्वी, दोघांचं डोकं शांत असताना करायची. आयएलएस चालू असेल तर तो ट्यून करा. नसेल तर त्या रनवेचा जो कुठला इन्स्ट्रुमेंट अप्रोच (उपकरणांवर उतरायचा छापील मार्ग) विमानाच्या डेटाबेसमध्ये असेल तो लोड करा. उडवायचा नसला तरी करा. नॅव्हिगेशन डिस्प्लेवर रनवेची मध्यरेषा लांबवून ठेवा आणि उंबरठ्यापासून, म्हणजे रनवे जिथे सुरू होतो तिथून, ३, ५ आणि १० मैलांच्या खुणा घालून ठेवा. मैल म्हणजे अर्थात सागरी मैल.

मग चिठ्ठीवर उंच्या लिहा. तीन अंशांच्या उतारासाठी मैलाला साधारण ३०० फूट. १० मैलांवर ३०००, ५ वर १५००, ३ वर ९००. त्यात विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवायची, आणि पोरं नेमकी इथेच चुकतात. दाबोळी साधारण १८० फुटांवर आहे, म्हणजे ५ मैलांवर अल्टिमीटर (उंचीमापक) १७०० च्या जवळपास दिसायला हवा. गोव्याचं दुसरं विमानतळ मोपा सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर आहे, दाबोळीहून बराच उंच. दाबोळीची चिठ्ठी तिथे वापरलीत तर प्रत्येक टप्प्यावर तुम्ही खाली असाल, आणि बाहेर सगळं छान दिसत असेल. आणखी एक: दरीवरून येऊन सड्याची कड ओलांडली की रेडिओ अल्टिमीटरचा (थेट खालच्या जमिनीपासूनची उंची दाखवणाऱ्या यंत्राचा) आकडा एकदम कोसळतो. तो तसा कोसळणार हे आधी बोलून ठेवलं तर ऐन वेळी दचकायला होत नाही.

उतरण्याचा दर काढायला ग्राउंडस्पीडला, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेगाला, पाचने गुणा. १४० नॉट असेल तर मिनिटाला ७०० फूट. त्याच वेगाला ११०० दिसत असेल तर तुम्ही उंच होता आणि आता घाईने खाली येताय, मनाला ते कितीही पटो वा न पटो.

'दिसला' म्हणजे कुठला दिसला?

आमच्या किनाऱ्यावरची गंमत बघा. परुळ्याजवळचं चिपी, पेडण्यातलं मोपा आणि मुरगावातलं दाबोळी. तिन्ही जांभ्याच्या सड्यांवर, तिन्ही धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. मोपा ते दाबोळी तर साधारण ४० किलोमीटर, जेटला काही मिनिटांचं अंतर. उत्तरेकडून येताना आधी चिपी दिसणार, मग मोपा, मग दाबोळी. जो आधी दिसतो तोच आपला वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे.

हे नुसतं भय दाखवणं नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टचं एक बोइंग ७३७ रात्री ब्रॅन्सनला निघालं होतं. वैमानिकांना दिवे दिसले, रनवे दिसला, आणि त्यांनी विमान उतरवलं ते शेजारच्या छोट्या विमानतळावर. तिथली धावपट्टी जेमतेम ११४० मीटरची. पट्टीचं टोक अगदी जवळ असताना विमान थांबलं. त्यांच्या डिस्प्लेवर योग्य रनवे दिसत होता, पण तिकडे बघायची गरज उरली नव्हती, कारण बाहेर एक रनवे दिसत होता ना!

म्हणून 'रनवे इन साइट' म्हणण्याआधी तीन गोष्टी जुळवा: डिस्प्लेवरची मध्यरेषा, अंतराचा आकडा आणि दिशा. तिन्ही जुळल्या आणि दोघांनी मान्य केलं की मगच ते शब्द. एकाने 'दिसला' म्हटल्यावर दुसऱ्याने 'हो हो, मलाही' म्हणायचं नाही. त्याने आत बघून आकडा सांगायचा.

दुसरी चूक रनवे आणि टॅक्सीवे (रनवेकडे ये-जा करायचा रस्ता) यांच्यातली. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं एअरबस ए३२० उजव्या रनवेसाठी निघालं होतं. डावा रनवे बंद होता, त्याचे दिवे मालवलेले. वैमानिकांनी उजव्यालाच डावा समजून त्याच्याही उजवीकडचा टॅक्सीवे धरला. त्यावर चार प्रवासी विमानं रांगेत उभी होती. जमिनीपासून जेमतेम ६० फुटांवरून ते विमान परत वर गेलं. डावा रनवे बंद असल्याचा नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) त्यांच्या कागदांत होता, २७ पानांतल्या आठव्या पानावर. तो अप्रोच उडवताना आयएलएस हाताने ट्यून करावा लागत होता, ते राहून गेलं. त्यामुळे आतून 'तू बाजूला आहेस' असं सांगणारं काहीच नव्हतं.

यातलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते वेगळंच. कॅप्टनला शंका आली होती. रनवेवर दिवे दिसताहेत, खात्री करा, असं टॉवरला विचारायला त्याने फर्स्ट ऑफिसरला सांगितलंही. टॉवर म्हणाला, रनवेवर कुणी नाही. टॉवर खरंच सांगत होता, रनवे रिकामाच होता. तुमच्या डोळ्यांना जे दिसतंय ते टॉवरला दिसत नसतं, तेव्हा त्याच्याकडून मिळालेला होकार तुमच्या शंकेचं उत्तर नसतो. इतक्या खाली शंका आली तर प्रश्न विचारत बसू नका, वर जा. विचारपूस तीन हजार फुटांवरही करता येते.

रंग पाठ करून ठेवा: रनवेच्या कडेचे दिवे पांढरे, टॅक्सीवेच्या कडेचे निळे, त्याच्या मध्यरेषेचे हिरवे. आणि नोटॅममधल्या रनवे, दिवे, आयएलएस या तीन शब्दांखाली लाल पेनाने रेघ मारा. बाकीची पानं कॉफी पिताना वाचलीत तरी चालेल.

'सर, रनवे तर बरोबर मध्ये होता'

सिम्युलेटरमध्ये मी एक सोपा दिवस देतो. ढग नाहीत, वारा नाही, दुपारची वेळ, आयएलएस बंद. थोडं उंच ठेवूनच व्हिज्युअलची परवानगी देतो. मग सातशे फुटांच्या आसपास सिम्युलेटर थांबवतो, पडदे काळे करतो आणि विचारतो: वेग किती होता? थ्रस्ट (इंजिनांचा जोर) कुठे होता? स्वयंचलित यंत्रणेचा मोड कोणता होता? पाठमोरं बसून उत्तरं ऐकतो. फोंड्याची एक हुशार मुलगी होती, हात अतिशय चांगला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, रनवे तर बरोबर मध्ये होता."

खरंच होता. वेग मात्र हव्या त्या आकड्याच्या बराच खाली गेलेला. रनवे काचेत जागच्या जागी राहावा म्हणून ती हळूहळू नाक वर घेत होती, इंजिनं आयडलवर (किमान जोरावर) होती, आणि शेजारचा मुलगाही तोच रनवे बघत होता.

१४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून बंगळूरला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ हे ए३२० असंच पडलं. भर दुपार, स्वच्छ हवा, व्हिज्युअल अप्रोच. विमान 'ओपन डिसेंट' मोडमध्ये गेलं होतं, म्हणजे इंजिनं आयडलवर आणि वेग सांभाळायचा तो नाकाच्या कोनाने. एका बाजूचा फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते डिस्प्लेवर दाखवणारा दर्शक) बंद झाला, दुसऱ्या बाजूचा चालू राहिला, त्यामुळे ऑटोथ्रस्ट (इंजिनांचा जोर आपणहून सांभाळणारी यंत्रणा) वेग राखण्याच्या मोडवर आला नाही. १३२ च्या आसपास हवा असलेला वेग १०६ नॉटपर्यंत उतरला. विमान धावपट्टीच्या अलीकडच्या गोल्फ कोर्सवर आदळलं. १४६ पैकी ९२ माणसं गेली. विमान अगदी नवं होतं, वैमानिक कच्चे नव्हते.

तेवीस वर्षांनी, ६ जुलै २०१३ ला, सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाचं बोइंग ७७७. आयएलएसचा ग्लाइडस्लोप (उतार दाखवणारा भाग) कामामुळे बंद, हवा स्वच्छ, विमान आधी उंच. लवकर खाली यायच्या खटपटीत ऑटोथ्रॉटल (बोइंगवरचा ऑटोथ्रस्ट) अशा मोडमध्ये गेला की तो वेग राखायला आपणहून जागा होणार नव्हता. १३७ हवे तिथे वेग शेवटी १०३ च्या आसपास आला. शेपटी समुद्राच्या बांधाला लागली, तिघांचा जीव गेला. कंपनी वेगळी, देश वेगळा, विमान वेगळं, बाकी गोष्ट जवळपास तीच. कॉकपिटमधल्या सगळ्यांना वाटत होतं की वेग मशीन बघतंय.

तेव्हा हे नियम पाळा, कंटाळा येईपर्यंत:

उडवणारा बाहेर आणि आत आळीपाळीने बघेल. शेजारचा मुख्यतः आतच बघेल. रनवे सुंदर दिसत असेल, सूर्यास्त होत असेल, तरी आत. त्याने 'स्पीड' एवढं म्हणून थांबायचं नाही, आकडा सांगायचा: 'स्पीड, पाच कमी'. मोड बदलला की तो मोठ्याने वाचायचा. एअरबसवर फ्लाइट डायरेक्टर बंद करायचे तर दोन्ही बंद करायचे, आणि दोन्ही बंद झाले हे बघून बोलायचं. हात थ्रस्ट लिव्हरवर. ७७७ सारख्या विमानात लिव्हर हलतात, त्या हलत नसतील तर हाताला ते डोळ्यांच्या आधी कळतं.

मग फाटक, म्हणजे जिथे विमान स्थिर नसेल तर वर जायचं ती उंची. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या शिफारशीत स्वच्छ हवेत ५०० फूट आणि ढगात १००० फूट आहे. अनेक कंपन्या दोन्हीकडे १००० च धरतात, आणि मला ते जास्त पटतं. त्या उंचीवर विमान लँडिंगच्या रचनेत हवं, वेग ठरलेल्या हद्दीत, उतरण मिनिटाला १००० फुटांच्या आत, आणि इंजिनं आयडलच्या वर फिरत असलेली. ही शेवटची अट लोक 'होईल ना' म्हणून सोडून देतात. जेट इंजिनाला आयडलवरून पूर्ण जोर द्यायला काही सेकंद लागतात, आणि खाली तेवढे सेकंद नसतात.

समुद्र, ट्रॉलर आणि समोरचा सूर्य

इथल्या हवेबद्दल जरा सविस्तर, कारण पुस्तकात 'अंधाऱ्या पाण्यावरून अप्रोच' एवढंच लिहिलेलं असतं.

रात्री समुद्राकडून, म्हणजे दाबोळीच्या ०८ रनवेला (पूर्वेकडे तोंड करून) येताना खाली काहीच दिसत नाही आणि पलीकडे वास्को-चिखलीचे दिवे. डोळ्याला मोजायला मधलं काही नसलं की आपण आहोत त्यापेक्षा उंच वाटतो, आणि हात आपोआप विमान खाली घेतो. बोइंगच्या कॉनरॅड क्राफ्टने १९६० च्या दशकात सिम्युलेटरमध्ये हेच करून पाहिलं होतं. अनुभवी प्रशिक्षक वैमानिकसुद्धा फार खाली आले, आणि आपण बरोबर येतोय अशीच त्यांची समजूत होती.

आता यात गोव्याची भर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ट्रॉलर जेटीला बांधलेले, वर पावसाळी ढग, म्हणजे समुद्र शाईसारखा. ऑगस्टात होड्या बाहेर पडल्या की उलट संकट: पाण्यावर दिव्यांचे ठिपके, मुरगावच्या बाहेर नांगरलेल्या जहाजांची रांग, आणि क्षितिज कुठे आहे ते डोळा आपल्या मनाने ठरवतो. जहाजांची तिरकी रांग सरळ समजून विमान थोडं कलतं ठेवणारे मी पाहिलेत. दोन्ही ऋतूंत उपाय एकच. क्षितिज बाहेर शोधू नका, ते आत समोरच्या डिस्प्लेवर आहे. उंची चिठ्ठीवरून तपासा, आणि जवळ आल्यावर रनवेशेजारचे 'पापी'चे (उतार बरोबर आहे का ते दाखवणारे) चार दिवे: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे बरोबर. तीन लाल म्हणजे किंचित खाली, चारही लाल म्हणजे फारच खाली. पापीवर फार दूरवरून विसंबू नका, तिथे मैलाला ३०० चा हिशेबच खरा.

काचेवर पाऊस असेल तर आपण उंच आहोत असं वाटतं. धुरकट हवेत रनवे दूर वाटतो. चढावर बांधलेला किंवा अरुंद रनवेही तुम्हाला उंच असल्याचा भास देतो. चारही भास एकाच दिशेने ढकलतात, खाली. ते पाठ करण्यापेक्षा एवढं लक्षात ठेवा की डोळा 'उंच आहेस' म्हणाला की आधी आकडा बघायचा आणि मग हात हलवायचा.

२६ ला, म्हणजे त्याच पट्टीवर उलट बाजूने, फोंडा-कुठ्ठाळीकडून येताना, संध्याकाळचा त्रास वेगळा. ऑक्टोबरच्या मध्यात आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जवळपास रनवेच्या रेषेतच मावळतो. झुआरीच्या पुलाचे खांब स्पष्ट दिसतात, रनवे मात्र सोन्याच्या भुकटीत गेलेला. अशा वेळी व्हिज्युअल मागूच नका. दिला तर नम्रपणे नाही म्हणा. दाबोळीचा कंट्रोल नौदलाकडे आहे, आणि 'अनेबल' (जमणार नाही) या शब्दाने तिथे कुणाला राग येत नाही.

वर जायचं असेल तर कुठे जायचं?

व्हिज्युअल अप्रोच हा छापील इन्स्ट्रुमेंट अप्रोच नव्हे, म्हणून त्याला छापील मिस्ड अप्रोचही (उतरणं सोडून वर जायचा ठरलेला मार्ग) नसतो. हे माहीत असून ब्रीफिंगमध्ये गाळणारे खूप. कुठली दिशा, किती उंची, कुणाला सांगायचं, हे आधी ठरवा. माहीत नसेल तर कंट्रोलरला आधीच विचारा.

दाबोळीला २६ वरून वर गेलात की समोर थेट समुद्र. रात्री एका क्षणात सगळे दिवे पाठीमागे आणि पुढे काळोख. विमान जोराने पुढे झेपावतं तेव्हा कानातल्या तोल राखणाऱ्या यंत्रणेला नाक फार वर गेल्याचा भास होतो आणि माणूस विमानाची नियंत्रण-काठी पुढे ढकलतो. २३ ऑगस्ट २००० ला गल्फ एअरचं ०७२ हे ए३२० कैरोहून बहारीनला आलं. व्हिज्युअल अप्रोच, वेग फार जास्त. वेग जिरवायला कमी उंचीवर एक पूर्ण गोल चक्कर मारायचं ठरलं. चक्करीतून बाहेर आले तर रनवे हुकलेला. मग गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाणं, अंधाऱ्या समुद्रावरून. नाक खाली गेलं, जमीन जवळ आल्याचा इशारा कॉकपिटमध्ये वाजत राहिला, आणि विमान पाण्यात गेलं. १४३ पैकी कुणीही वाचलं नाही.

चुका बघा कशा एकमेकींच्या हाताला धरून आल्या: वेग जास्त, मग तो झाकायला चक्कर, मग घाई, मग अंधार. पहिल्याच पायरीला सरळ वर जाऊन पुन्हा रांगेत लागले असते तर दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला असता. म्हणून खाली, रनवेजवळ, वेग जिरवायला गोल चक्कर मारायची नाही. गो-अराउंड म्हटलं की दोघांचेही डोळे आत. थ्रस्ट, नाकाचा कोन, चढ सुरू झाल्याचा आकडा, मोड. बाहेर बघण्यासारखं तिथे काहीही नाही.

शेजारी ज्येष्ठ कॅप्टन असेल आणि फाटकावर विमान स्थिर नसेल, तर तुम्ही त्यांना कितीही मान देत असलात तरी 'गो-अराउंड' हे दोन शब्द तसेच उच्चारायचे. 'सर, थोडा वेग जास्त वाटतोय का' हा चौकशीचा सूर झाला, त्यावर कुणीही 'जमेल' म्हणतं.

जमिनीवरचा सराव

सिम्युलेटर महाग आहे, गच्ची फुकट. माझी मुलं संध्याकाळी गच्चीवर बसतात. विमान दिसलं की आधी तोंडाने अंदाज: अंतर किती, उंची किती. मग फोनवरच्या फ्लाइट ट्रॅकिंग ॲपमध्ये खरा आकडा. पहिल्या आठवड्यात अंदाज हास्यास्पद असतात, आणि तेच हवं असतं. डोळा किती बेधडक चुकतो हे एकदा कळलं की आत बघायची सवय लागते. फोटो मात्र काढू नका, शेजारी नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे.

उतरल्यावर पार्किंग ब्रेक लावला की एकमेकांना विचारा: पाचशे फुटांवर वेग किती होता, मोड कोणता होता? दोघांची उत्तरं वेगळी आली तर जेवायला जाण्याआधी त्याबद्दल बोला.

आणि गो-अराउंड केलंत तर प्रवाशांना कारण सरळ सांगा: 'विमान हवं तसं स्थिर नव्हतं, म्हणून पुन्हा फेरी घेतली.' 'तांत्रिक कारण' म्हणू नका, लोक उगाच घाबरतात. मराठी-कोंकणी येत असेल तर त्यातही सांगा. मागच्या रांगेत पेडण्याच्या एखाद्या आजी देवाचा धावा करत बसलेल्या असतात, आणि उतरताना दारात त्या तुम्हालाच गाठून विचारणार आहेत की बाबा, नेमकं झालं काय होतं.